संगणकीय माहितीच्या साठवणुकीची एकके व त्यांचे परस्पर रूपांतर

संगणक, मोबाइल, पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क, सीडी अशा साधनांत साठवलेली माहिती मोजण्यासाठी बिट, बाइट, किलोबाइट, मेगाबाइट, गिगाबाइट, टेराबाइट ही एकके वापरली जातात. यांपैकी एका एककात दिलेले माप दुसऱ्या एककात मांडणे यास एककांचे रूपांतर म्हणतात. लांबी किंवा वजन यांच्या रूपांतराप्रमाणे हेही गुणाकार-भागाकाराचेच काम आहे. मात्र येथे एक अडचण अधिक आहे. किलोमीटरमधील 'किलो' म्हणजे नेहमी १,००० असतो. किलोबाइटमधील 'किलो' काही ठिकाणी १,००० तर काही ठिकाणी १,०२४ असतो. खोक्यावर १ टेराबाइट असे छापलेली हार्ड डिस्क संगणकाला जोडल्यावर ९३१ गिगाबाइटच दिसते, ती या दुहेरी अर्थामुळे. डिस्कमधील जागा त्यामुळे कमी झालेली नसते; तीच जागा दोन वेगळ्या मापांनी मोजलेली असते.

कोणतेही रूपांतर करण्यापूर्वी पुढील तीन गोष्टी निश्चित कराव्या लागतात.

१. माप बिटमध्ये आहे की बाइटमध्ये?
२. उपसर्गाचा अर्थ दशमान (१,००० च्या पटीत) आहे की द्विमान (१,०२४ च्या पटीत)?
३. मोठ्या एककातून लहान एककाकडे जायचे आहे की लहानातून मोठ्याकडे?

मूलभूत एकके

बिट हे माहितीचे सर्वांत लहान एकक होय. एका बिटमध्ये ० किंवा १ यांपैकी एकच अंक साठवता येतो. दिवा लागलेला आहे की विझलेला आहे, एवढीच माहिती एका बिटमध्ये मावते असे म्हणता येईल. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या संदेशवहनाच्या गणिती सिद्धान्तावरील निबंधात हा शब्द वापरला व तो सुचवल्याचे श्रेय जॉन टुकी यांना दिले. 'द्विमान अंक' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा तो संक्षेप आहे.

बिटची संख्या एकाने वाढली की मांडता येणाऱ्या वेगवेगळ्या मूल्यांची संख्या दुप्पट होते. १ बिटने २, २ बिटने ४, ३ बिटने ८ आणि ८ बिटने २५६ वेगवेगळी मूल्ये दर्शवता येतात.

बाइट म्हणजे आठ बिटचा समूह. हा शब्द वर्नर बुखोल्ट्झ यांनी १९५६ साली आयबीएम कंपनीच्या 'स्ट्रेच' या संगणकाच्या आराखड्यावर काम करताना योजला. त्या काळात बाइटचा आकार सर्वत्र सारखा नव्हता. एका अक्षरासाठी सहा बिट वापरणारे संगणकही प्रचलित होते. १९५६ सालच्या आयबीएम ३५० या पहिल्या व्यापारी डिस्क साठवण-यंत्रात सहा बिटची ५० लाख अक्षरे मावत असत. आजच्या मापाने त्याचा हिशेब असा होतो:

५०,००,००० × ६ = ३,००,००,००० बिट
३,००,००,००० ÷ ८ = ३७,५०,००० बाइट, म्हणजेच ३.७५ मेगाबाइट

१९६४ साली जाहीर झालेल्या आयबीएमच्या 'सिस्टिम/३६०' या संगणक-मालिकेत आठ बिटचा बाइट स्वीकारण्यात आला. पुढे तोच सर्वमान्य झाला. चार बिटच्या, म्हणजे अर्ध्या बाइटच्या समूहास 'निबल' असे म्हणतात. मात्र साठवणूक मोजण्यासाठी त्याचा उपयोग होत नाही.

दशमान व द्विमान उपसर्ग

किलो, मेगा, गिगा व टेरा हे उपसर्ग आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीतील आहेत. १९६० साली ही पद्धत स्वीकारली गेली तेव्हापासून ते तिचा भाग आहेत. पेटा व एक्सा यांची भर १९७५ साली पडली, झेटा व योटा यांची १९९१ साली, तर रोना व क्वेटा यांची २०२२ साली. या मालिकेतील प्रत्येक उपसर्ग आधीच्या उपसर्गाच्या १,००० पट असतो.

संगणकाच्या कार्यस्मृतीची, म्हणजे रॅमची, घडण मात्र दोनाच्या पटींवर आधारलेली आहे. स्मृतीतील प्रत्येक घराला एक क्रमांक असतो व तो क्रमांक ० आणि १ यांच्या भाषेत तारांवरून पाठवला जातो. दहा तारा असतील तर २ चा १० वा घात, म्हणजे १,०२४ घरांना क्रमांक देता येतो. अकरा तारा असतील तर २,०४८ घरांना देता येतो. नेमकी १,००० घरे ठेवली तर २४ क्रमांक वाया जातील. त्यामुळे स्मृतीचे आकार १,०२४, २,०४८, ४,०९६ असे ठरत गेले. १,०२४ ही संख्या १,००० च्या अगदी जवळची असल्याने तज्ज्ञांनी सोयीसाठी तिलाच 'किलो' म्हणण्यास प्रारंभ केला. स्मृती काही हजार बाइटांची होती तोवर या सैल वापराने फारसे बिघडत नव्हते.

हार्ड डिस्कच्या बाबतीत असे बंधन नाही. तिची एकूण क्षमता तबकड्या, त्यांवरील वर्तुळाकार मार्ग आणि प्रत्येक मार्गावरील खंड यांच्या संख्येवर अवलंबून असते. खंड ५१२ किंवा ४,०९६ बाइटांचा असला तरी खंडांची संख्या दोनाचा घात असण्याचे कारण नसते. त्यामुळे डिस्क-उत्पादकांनी 'मेगा' व 'गिगा' यांचा दशमान अर्थच कायम ठेवला. माहिती वाहून नेणाऱ्या जाळ्यांतही वेग दशमान पद्धतीनेच मोजला जातो.

दोन्ही मालिकांतील एकके व त्यांतील अंतर पुढीलप्रमाणे आहे.

| दशमान एकक | बाइट | द्विमान एकक | बाइट | द्विमान एकक किती टक्क्यांनी मोठे |
|---|---|---|---|---|
| किलोबाइट | १,००० | किबिबाइट | १,०२४ | २.४० |
| मेगाबाइट | १०,००,००० (दहा लाख) | मेबिबाइट | १०,४८,५७६ | ४.८६ |
| गिगाबाइट | १,००,००,००,००० (एक अब्ज) | गिबिबाइट | १,०७,३७,४१,८२४ | ७.३७ |
| टेराबाइट | १०,००,००,००,००,००० (एक लाख कोटी) | टेबिबाइट | १०,९९,५१,१६,२७,७७६ | ९.९५ |
| पेटाबाइट | १,००,००,००,००,००,००,००० (दहा कोटी कोटी) | पेबिबाइट | १,१२,५८,९९,९०,६८,४२,६२४ | १२.५९ |

शेवटचा स्तंभ महत्त्वाचा आहे. प्रत्येक पायरीवर १,०२४ व १,००० यांतील तफावतीचा पुन्हा गुणाकार होतो. त्यामुळे किलोच्या पायरीवरील सव्वादोन-अडीच टक्क्यांचा फरक टेराच्या पायरीवर जवळजवळ दहा टक्के होतो. साधनांची क्षमता वाढत गेली तशी ही तफावत सामान्य ग्राहकाच्याही नजरेस येऊ लागली.

नावांतील संदिग्धता व तिचे निराकरण

एकाच नावाचे दोन अर्थ असल्याने होणारा गोंधळ भारतीयांना अपरिचित नाही. पूर्वी रुपयाचे १६ आणे व आण्याचे ४ पैसे होत असत, म्हणजे एका रुपयाचे ६४ पैसे होत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती सुरू झाली आणि रुपयाचे १०० पैसे झाले. जुना पैसा व दशमान पैसा यांचे मूल्य भिन्न असल्याने दशमान पैशाला 'नवा पैसा' असे नाव देण्यात आले. जुनी नाणी मागे पडल्यावर १ जून १९६४ पासून 'नवा' हा शब्द गळला.

संगणकीय एककांबाबत असाच उपाय योजण्यात आला. मात्र येथे नवे नाव द्विमान अर्थाला मिळाले. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने डिसेंबर १९९८ मध्ये किबि, मेबि, गिबि, टेबि, पेबि व एक्सबि हे द्विमान उपसर्ग मान्य केले. मूळ उपसर्गाची पहिली दोन अक्षरे व 'बायनरी' या शब्दातील 'बि' जोडून बहुतेक नावे तयार झाली आहेत. या मानकानुसार किलोबाइट म्हणजे १,००० बाइट आणि किबिबाइट म्हणजे १,०२४ बाइट, असा स्पष्ट भेद होतो.

व्यवहारात हा भेद अद्याप सर्वत्र पाळला जात नाही. विंडोज ही कार्यप्रणाली फाइलींचे व डिस्कचे आकारमान १,०२४ ने भागून काढते, परंतु उत्तरापुढे केबी, एमबी, जीबी हीच जुनी अक्षरे दाखवते. ॲपलच्या मॅक संगणकांवर २००९ सालच्या १०.६ या आवृत्तीपासून दशमान पद्धती वापरली जाते. रॅमच्या बाबतीत 'जीबी' म्हणजे आजही गिबिबाइटच समजले जाते. म्हणूनच एकाच दुकानात घेतलेल्या ८ जीबी रॅममध्ये ८,५८,९९,३४,५९२ बाइट असतात, तर ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर सुमारे ८,००,००,००,००० बाइटांची क्षमता छापलेली असते.

अमेरिकेत या प्रश्नावर ग्राहकांनी न्यायालयांत दावेही दाखल केले. वेस्टर्न डिजिटल या डिस्क-उत्पादक कंपनीने असा एक दावा २००६ साली तडजोडीने मिटवला. त्यानंतर सॅनडिस्क कंपनीविरुद्धचा दावा कॅलिफोर्नियातील संघीय जिल्हा न्यायालयाने २०२० साली फेटाळला. व्यापारी व्यवहारात गिगाबाइटचा दशमान अर्थच ग्राह्य आहे, असे त्या वेळी मानले गेले. साधनांच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत १ जीबी म्हणजे १,००,००,००,००० बाइट अशी टीप आढळते. ग्राहकाने ती वाचणे हिताचे असते.

दोन्ही अर्थांचे मिश्रण झाल्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे '१.४४ एमबी' असे नाव मिळालेली साडेतीन इंची फ्लॉपी. तिच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूवर ८० मार्ग, प्रत्येक मार्गावर १८ खंड आणि प्रत्येक खंडात ५१२ बाइट असत.

२ × ८० × १८ × ५१२ = १४,७४,५६० बाइट
१४,७४,५६० ÷ १,०२४ = १,४४० किबिबाइट

या १,४४० ला पुढे १,००० ने भागून १.४४ हा आकडा आला. म्हणजे पहिला भागाकार द्विमान व दुसरा दशमान झाला. वस्तुतः ही क्षमता १.४७ मेगाबाइट किंवा १.४१ मेबिबाइट होती. कोणत्याही एका पद्धतीने १.४४ हे उत्तर येत नाही.

रूपांतराची रीत

एकाच मालिकेत रूपांतर करणे सोपे असते. मोठ्या एककातून लहान एककाकडे जाताना प्रत्येक पायरीला गुणावे, लहान एककातून मोठ्या एककाकडे जाताना प्रत्येक पायरीला भागावे. दशमान मालिकेत १,००० ने व द्विमान मालिकेत १,०२४ ने गुणाकार अथवा भागाकार करावा. बाइटचे बिट करताना ८ ने गुणावे आणि बिटचे बाइट करताना ८ ने भागावे.

एका मालिकेतून दुसऱ्या मालिकेत जाताना बाइटमार्गे जावे, कारण बाइट हा दोन्ही मालिकांचा समान पाया आहे. प्रथम दिलेल्या मापाचे बाइट करावेत आणि मग त्या बाइटांना इष्ट एककातील बाइटसंख्येने भागावे.

उदाहरण १. ३ गिबिबाइट म्हणजे किती मेबिबाइट?
मोठ्यातून लहानाकडे एक पायरी खाली जायचे आहे. ३ × १,०२४ = ३,०७२ मेबिबाइट.

उदाहरण २. २,५०० मेगाबाइट म्हणजे किती गिगाबाइट?
लहानातून मोठ्याकडे एक पायरी वर जायचे आहे. २,५०० ÷ १,००० = २.५ गिगाबाइट.

उदाहरण ३. १ टेराबाइटची हार्ड डिस्क विंडोज संगणकावर किती 'जीबी' दिसेल?
१ टेराबाइट = १०,००,००,००,००,००० बाइट.
१०,००,००,००,००,००० ÷ १,०७,३७,४१,८२४ = ९३१.३२.
म्हणून डिस्क सुमारे ९३१ 'जीबी' दिसेल. येथील 'जीबी' म्हणजे गिबिबाइट होय.

उदाहरण ४. सीडीवर '७०० एमबी' व डीव्हीडीवर '४.७ जीबी' असे लिहिलेले असते. दोन्ही ठिकाणी एकच पद्धत वापरली आहे काय?
८० मिनिटांच्या सीडीवर दर सेकंदाला ७५ खंड व प्रत्येक खंडात २,०४८ बाइट माहिती असते.
८० × ६० × ७५ × २,०४८ = ७३,७२,८०,००० बाइट.
ही संख्या ७३७.२८ मेगाबाइट किंवा ७०३.१२५ मेबिबाइट होते. म्हणजे सीडीवरील 'एमबी' द्विमान आहे. डीव्हीडीची ४.७ जीबी ही क्षमता मात्र दशमान असून ती ४.३८ गिबिबाइट एवढीच भरते. एकाच घराण्यातील दोन तबकड्यांवर दोन वेगळ्या पद्धती वापरल्या गेल्या आहेत.

तोंडी अंदाजासाठी पुढील नियम पुरेसा आहे. वेष्टनावरील गिगाबाइटमधून सुमारे सात टक्के वजा केले की गिबिबाइट मिळतात आणि टेराबाइटमधून सुमारे नऊ टक्के वजा केले की टेबिबाइट मिळतात. त्यानुसार ६४ गिगाबाइटचे सुमारे ५९.६ व ५०० गिगाबाइटचे सुमारे ४६५.७ गिबिबाइट होतात. मोबाइल किंवा संगणकावर प्रत्यक्षात यापेक्षाही कमी जागा मोकळी दिसते. तिचे कारण रूपांतर नसून, कार्यप्रणाली व आधीच भरलेली उपयोजने यांनी व्यापलेली जागा हे होय.

साठवणूक व वहनाचा वेग

फाइलींचे आकारमान बाइटमध्ये सांगतात, तर इंटरनेटचा वेग बिटमध्ये सांगतात. '१०० एमबीपीएस' म्हणजे दर सेकंदाला १०० मेगाबिट, मेगाबाइट नव्हे. ८ ने भागल्यावर हा वेग दर सेकंदाला १२.५ मेगाबाइट एवढा होतो.

उदाहरण ५. १.५ गिगाबाइटची फाइल दर सेकंदाला २० मेगाबिट या वेगाने उतरवून घेण्यास किती वेळ लागेल?
१.५ गिगाबाइट = १,५०० मेगाबाइट = १२,००० मेगाबिट.
१२,००० ÷ २० = ६०० सेकंद, म्हणजे १० मिनिटे.
बिट व बाइट यांतील भेद न पाहता १,५०० ला २० ने भागले तर ७५ सेकंद असे उत्तर येते. ते खऱ्या वेळेच्या आठव्या हिश्श्याएवढेच आहे. जोडणीतील इतर विलंबांमुळे प्रत्यक्ष वेळ काहीसा अधिक लागतो.

भारतात ब्रॉडबँड म्हणवण्यासाठी लागणारा किमान वेग २०१३ साली दर सेकंदाला ५१२ किलोबिट ठरवण्यात आला होता. २०२३ साली तो २ मेगाबिट करण्यात आला. बाइटमध्ये मांडल्यास हे वेग अनुक्रमे दर सेकंदाला ६४ किलोबाइट व २५० किलोबाइट होतात.

मराठी मजकुराचे आकारमान

संगणकावर आज मराठी मजकूर युनिकोड या मानकानुसार लिहिला जातो. त्यात देवनागरीतील प्रत्येक स्वर, व्यंजन, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व हलन्तचिन्ह यांना स्वतंत्र संकेतांक आहे. संकेतस्थळांवर रूढ असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेतांकास ३ बाइट लागतात, तर रोमन अक्षर, साधा पूर्णविराम व शब्दांमधील मोकळी जागा यांस १ बाइट लागतो.

'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ व दुसरी वेलांटी असे पाच संकेतांक आहेत, म्हणून त्याला १५ बाइट लागतात. हाच शब्द रोमन लिपीत सात अक्षरांनी लिहिल्यास ७ बाइट पुरतात. जोडाक्षरांत हलन्तचिन्हही मोजावे लागते. 'महाराष्ट्र' या शब्दात दहा संकेतांक असून त्याचे आकारमान ३० बाइट होते.

उदाहरण ६. २०० पानांच्या मराठी पुस्तकात प्रत्येक पानावर सरासरी १,५०० संकेतांक असून त्यांपैकी २५० मोकळ्या जागा व साधी विरामचिन्हे आहेत असे मानू. पुस्तकाच्या निव्वळ मजकुराचे आकारमान किती?
देवनागरी संकेतांक: १,२५० × २०० = २,५०,०००; त्यांचे बाइट ७,५०,०००.
मोकळ्या जागा व विरामचिन्हे: २५० × २०० = ५०,०००; त्यांचे बाइट ५०,०००.
एकूण ८,००,००० बाइट, म्हणजे ८०० किलोबाइट किंवा ७८१.२५ किबिबाइट.
३२ गिगाबाइटच्या पेन ड्राइव्हवर अशी ४०,००० पुस्तके मावू शकतील. त्याच पुस्तकाची पाने चित्ररूपात साठवली तर मात्र आकारमान कितीतरी पटींनी वाढते.

मोबाइलवरील लघुसंदेशात, म्हणजे एसएमएसमध्ये, हा हिशेब थेट पैशांशी निगडित होतो. एका लघुसंदेशात मजकुरासाठी १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट असतात. इंग्रजी अक्षरास ७ बिट लागतात, म्हणून एका संदेशात १६० अक्षरे मावतात. देवनागरीच्या प्रत्येक संकेतांकास १६ बिट लागत असल्याने त्याच संदेशात केवळ ७० संकेतांक मावतात.

१,१२० ÷ ७ = १६०
१,१२० ÷ १६ = ७०

'उद्या शाळेला सुट्टी आहे' या वाक्यात २० देवनागरी संकेतांक व ३ मोकळ्या जागा, असे एकूण २३ घटक आहेत. लघुसंदेशात त्यास ४६ बाइट लागतात व यूटीएफ-८ पद्धतीच्या फाइलीत ६३ बाइट लागतात. वाचणाऱ्यास मात्र ही सारी अक्षरे मिळून बारापेक्षाही कमी भासतात, कारण कानामात्रा आपण वेगळ्या मोजत नाही. शाळा किंवा संस्था पालकांना मराठीतून सूचना पाठवते तेव्हा एक मोठी सूचना दोन-तीन संदेशांत विभागली जाण्याचे कारण हेच आहे. दर संदेशागणिक आकार पडत असल्यास खर्चही त्या प्रमाणात वाढतो.

ऑनलाइन अर्जातील छायाचित्राची मर्यादा

शिष्यवृत्ती, प्रवेश व भरती यांच्या ऑनलाइन अर्जांत छायाचित्र '२० केबी ते ५० केबी' अशा मर्यादेत मागितलेले असते. ती मर्यादा १,००० च्या हिशेबाने आहे की १,०२४ च्या, हे बहुधा लिहिलेले नसते.

समजा, एका विद्यार्थ्याच्या छायाचित्राची फाइल ५०,५०० बाइटांची आहे. विंडोज संगणक तिचे आकारमान ५०,५०० ÷ १,०२४ = ४९.३ 'केबी' दाखवील व विद्यार्थी निश्चिंत होईल. परंतु संकेतस्थळाने मर्यादा ५०,००० बाइट अशी धरली असेल तर तेच छायाचित्र नाकारले जाईल. अर्जाच्या अखेरच्या दिवशी असे घडले तर चूक कोठे आहे हे लक्षात येणेही कठीण जाते.

यावरील उपाय सोपा आहे. वरच्या मर्यादेसाठी दशमान व खालच्या मर्यादेसाठी द्विमान अर्थ धरावा. म्हणजे फाइल २०,४८० बाइटांपेक्षा मोठी व ५०,००० बाइटांपेक्षा लहान ठेवावी. ही फाइल दोन्ही पद्धतींनी मर्यादेतच बसते. विंडोजमध्ये फाइलीच्या गुणधर्मांच्या चौकटीत नेमके बाइट दिलेले असतात. तोच आकडा पाहावा.

आकारमान कमी करताना चित्राची लांबी-रुंदी प्रथम कमी करावी. रंगीत चित्राच्या प्रत्येक बिंदूस, म्हणजे पिक्सेलला, मूळ स्वरूपात ३ बाइट लागतात. ४,००० × ३,००० बिंदूंच्या चित्रास ३,६०,००,००० बाइट, म्हणजे ३६ मेगाबाइट लागतात. २०० × २३० बिंदूंच्या चित्रास १,३८,००० बाइट, म्हणजे १३८ किलोबाइट पुरतात. जेपेग पद्धतीने संकोचन केल्यावर दोन्ही फाइली आणखी लहान होतात व दुसरी सहज ५० किलोबाइटच्या आत येते.

आकारमान व व्यापलेली जागा

फाइलीच्या गुणधर्मांत आकारमान व डिस्कवर व्यापलेली जागा असे दोन आकडे दिसतात. डिस्कवरील जागा ठरावीक मापाच्या गटांतच दिली जाते. हा गट बहुधा ४,०९६ बाइटांचा असतो. ५,००० बाइटांच्या फाइलीस एक गट अपुरा पडतो, म्हणून तिला दोन गट, म्हणजे ८,१९२ बाइट मिळतात. वहीच्या नव्या पानावर दोनच ओळी लिहिल्या तरी ते पान वापरले गेले असे धरावे, तसाच हा प्रकार आहे. हा फरक एककांच्या रूपांतराचा नाही, हे लक्षात ठेवावे.

मराठी लेखनातील संक्षेप

रोमन लिपीत बिटसाठी लहान 'बी' व बाइटसाठी मोठा 'बी' वापरण्याचा संकेत आहे. देवनागरीत लहान व मोठी अशी दोन प्रकारची अक्षरे नसल्याने 'एमबी' या संक्षेपावरून मेगाबिट की मेगाबाइट हे कळत नाही. त्यात भर म्हणून दशमान व द्विमान हा भेदही त्या संक्षेपातून व्यक्त होत नाही. म्हणजे 'एमबी' या दोन अक्षरांचे तीन अर्थ संभवतात: मेगाबिट, दशमान मेगाबाइट व द्विमान मेबिबाइट. यास्तव मराठी पाठ्यपुस्तके, प्रश्नपत्रिका व जाहिराती यांत जेथे नेमकेपणा आवश्यक आहे तेथे एककाचे पूर्ण नाव लिहिणे इष्ट ठरते. प्रश्नपत्रिकेत '१ केबी म्हणजे किती बाइट?' असे विचारल्यास १,००० व १,०२४ ही दोन्ही उत्तरे आपापल्या पद्धतीत बरोबर ठरतात. प्रश्नातच पद्धत नमूद केली तर विद्यार्थ्यावर अन्याय होत नाही.

नेहमी होणाऱ्या चुका

* इंटरनेटचा वेग बाइटमध्ये आहे असे समजून वेळ काढणे. उत्तर आठपटींनी चुकते.
* एकाच उदाहरणात एका पायरीला १,००० व दुसऱ्या पायरीला १,०२४ घेणे.
* मोठ्या एककातून लहान एककाकडे जाताना भागाकार करणे. लहान एककात मांडल्यावर संख्या नेहमी मोठी होते, यावरून उत्तर पडताळता येते.
* गिबिबाइट हे गिगाबाइटपेक्षा ७.३७ टक्क्यांनी मोठे आहे, म्हणून गिगाबाइटचे आकडे तेवढ्याच टक्क्यांनी घटतील असे मानणे. प्रत्यक्षात घट ६.८७ टक्के असते, कारण टक्केवारीचा पाया बदलतो.
* डिस्क कमी 'जीबी' दाखवते म्हणून ती सदोष आहे असा निष्कर्ष काढणे. प्रथम एकूण बाइटांचा आकडा पाहावा. तो वेष्टनावरील आकड्याशी जुळत असल्यास डिस्क निर्दोष आहे.

हेही पाहा

* बिट
* बाइट
* द्विमान संख्यापद्धती
* आंतरराष्ट्रीय एकक पद्धती
* युनिकोड
* हार्ड डिस्क